विनोदकुमार हंचाटे यांचं पंधरा सेकंदांचं दार

कल्पना करा, तुम्ही स्टुलावर उभे आहात. हातात मॅग्नेटची वीतभर लांब पेटी आहे, दिसते त्यापेक्षा खूपच जड. ती दाराच्या चौकटीला वर, आतल्या बाजूनं बसवायची आहे. तिच्यासमोर, दारावर, एक लोखंडी पट्टी येते. वीज सुरू केली की मॅग्नेट पट्टीला असा धरतो की दोन दांडगे गडी लटकले तरी दार हलत नाही. काम सोपं वाटतं. पट्टीच्या मधोमध एक बोल्ट आहे. तो तुम्ही जीव खाऊन आवळता, कारण बोल्ट दिसला की आवळायचा एवढंच तुम्हाला ठाऊक असतं. तेवढ्यात खालून आवाज येतो.

"हां, आवळा, आवळा. अजून स्वल्प आवळा. एकदाचं तुटू दे, म्हणजे घरी जाऊ."

हे विनोदकुमार हंचाटे.

तो बोल्ट मुळात सैल ठेवायचा असतो. पट्टीमागं रबरी वॉशर असतो. त्याच्यावर पट्टी किंचित डोलली, तरच दार बंद होताना ती मॅग्नेटवर सपाट बसते. हे विनोदकुमार तुम्ही बोल्ट आवळल्यानंतर सांगतात. आधी सांगितलं तर तुमची चूक होणार नाही, आणि समोरच्याची चूक झाली नाही तर त्यांना जेवण जात नाही. मग ते खिशातून स्पिरिटचा बोळा काढतात आणि पट्टीवरचे तुमच्या बोटांचे ठसे पुसतात. पुसताना तुमच्याकडं असं बघतात, जणू तुम्ही चपला घालून देवळात आलात.

"मॅग्नेट आणि पट्टी, मध्ये काही नको. धूळ नको, रंग नको, स्टिकर नको. जाड कागद आला तरी पकड गेली. समजलं? नसेल समजलं तर लिहून घ्या. तेवढं तरी येत असेल."

शेवटी ते दार ढकलायला लावतात. दारावर आडवा पुश बार असतो. तो सलग तीन सेकंद दाबून धरला की बझर ओरडायला लागतो, आणि पंधरा सेकंदांनी मॅग्नेट सुटून दार उघडतं. आग लागली किंवा वीज गेली तर तेवढंही थांबावं लागत नाही, दार त्याच क्षणी मोकळं होतं. म्हणजे हे दार कुणाला कोंडत नाही. बाहेर जाणाऱ्याला जरा अडवतं, तेवढ्यात आतल्या कुणीतरी धावत यावं म्हणून. मोठ्या दुकानांची मागची दारं, पाळणाघरं, आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांचे निवास, अशा ठिकाणी ते लागतं. बंगळुरात ही दारं बसवणारे थोडे आहेत. त्यांत विनोदकुमार सर्वांत चांगले आहेत, असं विनोदकुमार सांगतात.

वय पंचावन्नच्या पुढं. केस कोळशासारखे काळे, मिशी मात्र रंगवायला विसरलेली. शर्टाच्या खिशात चार पेनं, त्यांतलं एकही उमटत नाही. राजाजीनगरात स्वतःचं घर. घराणं पणजोबांपासून इथलं, भावसारांचं. घरात मराठी बोलतात, पण आकडे मोजणं, भांडणं आणि झोपेतली बडबड कानडीत. वडिलांचं चिकपेटेत कुलपांचं दुकान होतं. वडील लवकर गेले आणि गल्ल्यावर आई बसली, शारदाबाई. तिनं कुलपं विकून ह्यांना डिप्लोमा करवला. डिप्लोमा हातात पडल्यावर ह्यांनी पहिलं काम काय केलं, तर दुकान बंद केलं आणि कार्डं छापली: 'डोअर कन्सल्टंट'.

मी फायर अलार्मच्या पॅनेलचं काम करतो. माझी एक वायर त्यांच्या कंट्रोलरमध्ये जाते, आग लागली तर दार सुटावं म्हणून. आमचं नातं त्या वायरीएवढंच. ते मला 'इंजिनिअरसाहेब' म्हणतात, शिवी दिल्यासारखं. मी त्यांना अण्णा म्हणतो, कारण बंगळुरात कुणालाही म्हणतात.

बेळ्ळंदूरच्या एका आयटी ऑफिसात दार चालू करून दिलं, तेव्हाची गोष्ट. मागच्या जिन्याचं दार. माणसं त्या जिन्यानं चहाला पळतात, म्हणून कंपनीनं लॉक मागवलेलं. पहिल्या दिवशी विनोदकुमार प्लास्टिकची खुर्ची टाकून दारासमोर बसले, सिनेमाला बसावं तसे. दारावर तीन भाषांत पाटी होती: दाबून धरा, बझर वाजेल, पंधरा सेकंदांत दार उघडेल. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक पोरगा आला. बार दाबला, सोडला. पुन्हा दाबला, सोडला. खांद्यानं धक्का दिला. मग मोबाइल काढून दाराचा फोटो घेतला आणि निघून गेला.

"फोटो!" विनोदकुमार खुर्चीत मागं रेलून म्हणाले. "बघा इंजिनिअरसाहेब, तुमची बिरादरी. तीन भाषांत लिहिलंय, एकही वाचली नाही. फोटो काढला. आता वर जाऊन चौघं मिळून फोटो वाचतील."

"घाई असते अण्णा लोकांना."

"घाई? दार दाबायला तीन सेकंद नाहीत, आणि लिफ्टपुढं लग्नाच्या पंगतीसारखे उभे राहतात. कुरी आहेत, कुरी."

कुरी म्हणजे कानडीत मेंढरं. विनोदकुमारांच्या मते बंगळूर हा मेंढरांचा बाजार आहे आणि त्यात शहाणा माणूस एकच. तो कोण, हे विचारायची सोय नाही.

त्या ऑफिसचा मॅनेजर आणखी वरचा नमुना. गोरागोमटा, बोलताना डोळे मिटणारा. म्हणाला, "पंधरा सेकंद फार कमी होतात. एक मिनिट करा ना. लोक कंटाळून जागेवर परत जातील." आग लागली आणि पॅनेलला ती कळायच्या आत हा स्वतः त्या दारामागं असला तर त्याला मिनिट केवढं वाटेल, हे त्याच्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं. विनोदकुमारांनी कमरेत वाकून "सरी सार, बघतो सार" केलं. लिफ्टचं दार मिटताच त्या माणसाच्या तीन पिढ्यांचा मराठीत उद्धार केला. सेकंद मात्र वाढवले नाहीत. विनोदकुमारांच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच सापडतं, आणि त्यातही दया नव्हती. त्यांनी लावलेला आकडा दुसऱ्यानं बदलावा, हे त्यांना सोसत नाही.

बेळ्ळंदूरलाच, तळ्याच्या अंगाला, आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांचा एक निवास आहे. पाटीवर उगवता सूर्य, आत थंडगार एसी, भिंतीवर परदेशातल्या मुलानातवंडांचे दात दाखवणारे फोटो. तिथली दारं विनोदकुमारांनीच बसवली. काम चालू होतं तोवर रोज त्या मुलांवर तोंडसुख.

"आईला इथं ठेवतात आणि तिकडून कॅमेऱ्यात बघतात. फोन करून विचारतात काय, तर दार नीट बंद होतं ना. आई जेवली का, ते नाही विचारत. ह्यांना जन्म देण्यापेक्षा त्या बाईनं कुत्रं पाळायचं होतं."

त्याच्या पुढच्याच वर्षी शारदाबाई विसरायला लागल्या.

शारदाबाई म्हणजे मूठभर बाई. गल्ल्यावर बसून बसून एक सवय लागलेली: समोर माणूस आला की आधी त्याचे हात बघायच्या, मग तोंड. मुलाच्या मॅग्नेटिक लॉकबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं, आणि ते पाहुण्यांसमोर सांगायच्या.

"ज्याला किल्ली नाही ते कुलूप कसलं रे विनू?"

"आई, ते विजेवर चालतं."

"आणि वीज गेली की?"

"उघडतं. तसा नियमच आहे. माणसं अडकू नयेत म्हणून."

"मग चोराला निरोप पाठव की, अमक्या वेळी वीज जाणार आहे, पिशवी घेऊन ये." असं म्हणून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. विनोदकुमार ताटावरून उठायचे. अख्ख्या शहराला मूर्ख म्हणणाऱ्या ह्या माणसाला हसणारं माणूस एकच होतं, आणि ते घरातच होतं. त्याचं त्यांना कधी पचलं नाही.

मग गॅस चालू राहू लागला. मग एकदा शारदाबाई रिक्षा करून एकट्याच चिकपेटेला गेल्या, दुकान उघडायला. दुकानाच्या जागी आता साड्यांचं दुकान आहे. तिथल्या मालकाशी त्या भांडल्या, की माझी नवतालची कुलपं टांगायची त्या खिळ्याला तू परकर का टांगलेस. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा वाट चुकल्या आणि पोलिसांनी आणून सोडल्या. सून दिवसभर नोकरीला, विनोदकुमार दिवसभर दुसऱ्यांच्या दारांवर. विनोदकुमारांनी आईला बेळ्ळंदूरच्या त्या निवासात ठेवलं.

मी काही विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

"माझं वेगळं आहे. त्या लोकांच्या आया परक्याच्या दारामागं आहेत. माझी आई माझ्या दारामागं आहे."

हे ते अभिमानानं म्हणाले. पुढं आणखी एकदा, दुसऱ्या माणसाला, तेच वाक्य तशाच अभिमानानं म्हणताना मी ऐकलं.

निवासात सगळं होतं. वेळेवर नाश्ता, रक्तदाब, भजनं. मराठी तेवढी कुणाला येत नव्हती. शारदाबाईंनी आयुष्यभर गल्ल्यावर खणखणीत कानडी बोललेली, पण आजारात ती आधी गळून पडली आणि घरची मराठीच तेवढी शिल्लक राहिली. पहिले काही दिवस त्या जो येईल त्याच्याशी बोलत. समोरचा "हां अज्जी, हां अज्जी" करून उशी सारखी करी आणि जाई. मग त्यांनी बोलणं सोडलं. मुलगा रविवारी येई. यायचा आणि व्हरांड्यात उभा राहून फोनवर कुणाला तरी झापायचा.

रोज त्या दाराशी मात्र जायच्या. बार दाबायच्या. त्यांना सांभाळणारी धनलक्ष्मी लांबून हाक मारायची, "अज्जी, बन्नी, कॉफी!", म्हणजे या, कॉफी घ्या, आणि त्या बार सोडून परत यायच्या. त्या दाराबाहेर एक उतार, मग फाटक, फाटकाबाहेर सर्व्हिस रोड, त्याच्यापलीकडं रिंग रोड. तो धडधाकट माणसालाही सुखानं ओलांडता येत नाही. आपण कुठं आहोत हे ज्या बाईला कळत नाही, ती तिथवर पोचली तर काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. मध्ये ते एक दार होतं.

विनोदकुमारांना हे कळलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? ते खूश झाले. "बघा, आईसुद्धा तीन सेकंद दाबत नाही," म्हणाले. सिद्धांताला आणखी एक पुरावा मिळाला.

निवासातल्या माणसांना त्यांनी दाराचं शिक्षण दिलं तेही ऐकण्यासारखं होतं. चौकटीवर एक पिवळा दिवा आहे. मॅग्नेटची पकड नीट बसली नाही की तो लागतो आणि बारीक बीप वाजत राहतो. शेजारच्या खाचेत किल्ली फिरवली की बीप थांबतो. विनोदकुमारांना सणासुदीला असे फोन आले की संताप व्हायचा, आणि बहुतेक वेळा दारात कुणाची तरी चप्पल अडकलेली असायची. त्यांनी धनलक्ष्मीला आणि तिच्या वरच्या प्रियदर्शनी मॅडमना समोर उभं करून सांगितलं, "बीप वाजला की किल्ली फिरवायची. मला फोन करायचा नाही. तुम्ही लोक दिव्याला घाबरून फोन करता. दिवा तुम्हाला खात नाही."

किल्ली फिरवली की बीप थांबतो, पण बिघाड तसाच राहतो, आणि मग ते दार उघडलं तरी बझर वाजत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगून कळणार कुणाला, असं त्यांचं मत.

आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी बंगळुरात लिंबू, झेंडू आणि कुंकू ह्यांच्या तावडीतून कुठलंही यंत्र सुटत नाही. निवासात जनरेटरला हार, लिफ्टला हार, व्हॅनच्या चाकाखाली लिंबं, चाकाच्या खुर्च्यांना केळीची पानं, रक्तदाबाच्या मशीनलाही टिळा. विनोदकुमार रेशमी धोतर नेसून आले. दारं त्यांची, तेव्हा मान त्यांचा. आल्यावर आईला खोलीतून बाहेर काढलं.

"चल आई. कुलपाची पूजा तूच करायची."

चिकपेटेत दर वर्षी तीच करायची. काउंटरवर कुलपं मांडायची आणि एकेकाला हळद, कुंकू, अक्षता. विनोदकुमारांनी कंट्रोलरवरून मॅग्नेट सोडला, दार उघडून धरलं आणि वर बोट दाखवलं. "हे बघ, हे कुलूप." दोन पायऱ्यांचं स्टूल आणलं. धनलक्ष्मीनं शारदाबाईंना कमरेला धरून वर चढवलं. विनोदकुमारांच्या एका हातात दार, दुसऱ्या हातात मोबाइल. व्हिडिओ चालू.

तो व्हिडिओ मी नंतर पाहिला. शारदाबाई वाटीतल्या ओल्या हळदीत तीन बोटं बुडवतात आणि मॅग्नेटच्या गुळगुळीत तोंडावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतात. एकदा नाही, दोनदा. त्यावर कुंकू. मग मूठभर अक्षता घेऊन तळव्यानं त्या ओल्या हळदीत दाबून बसवतात, दाणा खाली पडू नये म्हणून. व्हिडिओत विनोदकुमारांचा आवाज येतो, "वा! आई, इकडं बघ. इकडं, मोबाइलकडं." दुसऱ्याच्या बोटाचा ठसा खपवून न घेणारा माणूस मॅग्नेटवर तांदूळ चिकटवून घेत होता आणि त्याचं शूटिंग करत होता. आपल्या दाराचा, आपल्या आईचा आणि आपला असा तिघांचा सत्कार एकाच वेळी होत असताना डोकं कुठून चालणार? 'आईच्या हस्ते' असं लिहून त्यांनी तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर टाकला, दार लोटलं आणि केळीच्या पानावर जेवायला बसले.

बीप वाजू लागला. पिवळा दिवा लागला. धनलक्ष्मीनं शिकवल्याप्रमाणे किल्ली फिरवली. फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, शारदाबाई रोजच्यासारख्या दाराशी गेल्या असणार. बार दाबला असणार. दार उघडलं. बझर नाही, काही नाही. फाटकावरचा माणूस आदल्या दिवशीच्या केळीच्या खांबांची मोळी रिक्षात चढवत होता. फाटक सताड उघडं.

प्रियदर्शनी मॅडमनी विनोदकुमारांना फोन केला. "सार, अम्मा खोलीत नाहीत."

"नीट बघा."

"सगळीकडं बघितलं सार. बाहेर गेल्या असतील तर..."

"बाहेर कशी जाईल? दार उघडलं असतं तर बझर वाजला असता. वाजला?"

"नाही सार."

"मग आतच आहे. पलंगाखाली बघा. बाथरूममध्ये बघा. दुसऱ्यांच्या खोल्या बघा. तुम्हाला एक म्हातारी सापडत नाही आणि दाराला नावं ठेवता?"

त्यांनी पलंगाखाली पाहिलं. चादरींची कपाटं उघडली. स्वयंपाकघरात कोहळ्यांच्या ढिगामागं पाहिलं. पुन्हा फोन केला, पुन्हा विनोदकुमारांनी परत पाठवलं. बाहेर जाऊन रस्ता बघावा, हे त्या बायकांना सुचत नव्हतं असं नाही. पण आपण मूर्ख आहोत आणि दार शहाणं आहे, हे त्यांना इतक्या वेळा सांगून झालं होतं की त्यांना ते पटलं होतं. शारदाबाई तोवर रस्त्यावर होत्या.

शेवटी विनोदकुमारांनी मला फोन केला. "तुझ्या पॅनेलनं दार सोडलं असणार. ताबडतोब ये." 'साहेब' गेले, 'तू' आला.

मी जवळच होतो. माझं पॅनेल शांत होतं, त्यानं काही सोडलं नव्हतं. राजाजीनगराहून विनोदकुमार आले ते थेट दाराशी. सगळी माणसं भोवती उभी.

"हे बघा. डोळे उघडे ठेवून बघा," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना दाखवण्यासाठी एका बोटानं बार दाबला.

दार उघडलं. बाहेरची उन्हं आत आली.

त्यांनी वर पाहिलं. मॅग्नेटचं तोंड पिवळंधमक. अर्धे तांदूळ चिरडून चिकटलेले, अर्धे शाबूत. समोरच्या पट्टीवर हळदीचा छाप.

"कुणी केलं हे?" ते ओरडले. सवयीनं.

मग धनलक्ष्मी हळूच म्हणाली, "व्हिडिओ तुम्हीच काढला की सार."

"आणि दिवा? पिवळा दिवा दिसला नाही?"

"दिसला सार. किल्ली फिरवली. फोन करू नका म्हणालात ना."

विनोदकुमारांनी खिशात हात घातला. मला वाटलं आता स्पिरिटचा बोळा काढतात. मोबाइल काढला, आईचा फोटो शोधला आणि उतारावरून धावत सुटले. ते धावू शकतात हे मला माहीत नव्हतं.

सर्व्हिस रोडवर आदल्या दिवशी गाड्यांची दृष्ट काढून फोडलेल्या कोहळ्यांचा चिखल, कुंकू, चिरडलेली लिंबं. विनोदकुमार जो दिसेल त्याच्यापुढं मोबाइल धरत होते. शहाळीवाला, झाडूवाली, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला. "अण्णा, स्वल्प बघता का, माझी आई," अशी त्यांची भाषा मी पहिल्यांदा ऐकली. रिंग रोडवर गाड्या सुसाट जात होत्या, सुटीमुळं रस्ता मोकळा होता आणि म्हणूनच जास्त भीती होती. पुलाखाली कसली तरी गर्दी दिसली तेव्हा ते मध्येच थांबले. मीच पुढं जाऊन पाहिलं. एक मोटरसायकल घसरली होती, दुसरं काही नव्हतं. परत येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि पुन्हा चालू लागले, ह्या वेळी हळू.

डिलिव्हरीवाल्यानंच मागून येऊन गाठलं. म्हणाला, पंक्चरच्या दुकानात एक अज्जी बसलीय.

ताडपत्रीचं छप्पर, कॉम्प्रेसरला झेंडूची माळ. रचलेल्या टायरांवर शारदाबाई बसलेल्या, मांडीवर बन, हातात चहाचा कप. पायातली एक सपाता कुठं तरी गेलेली. दुकानदाराचं नाव नागराज, कोलारकडचा.

विनोदकुमार आईसमोर उकिडवे बसले. मग अर्थातच नागराजवर घसरले.

"एवढा वेळ बसवून घेतलंस? पोलिसांना फोन करायचा नाही?"

"केला की सार," नागराज कानडीत म्हणाला. "येतो म्हणाले. आज दसरा. रस्ता ओलांडायला उभ्या होत्या, मी हाताला धरून आणलं. म्हटलं, कुणी तरी शोधत येईल. तुम्ही एवढ्या उशिरा याल हे मला काय माहीत?"

विनोदकुमारांनी आवाज खाली आणला.

"त्रास नाही दिला ना?"

"त्रास कसला! लई मजेची बाई आहे सार. बसल्यापासून बोलतेय. हात करून करून सांगायची आणि हसायची. इतकी हसायची की मला पण हसू आवरेना. पाना हातातून पडला दोनदा."

विनोदकुमारांनी मान वर केली. निवासात ठेवल्यापासून आईला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. "काय सांगत होती?"

"ते कुठं कळलं सार? तुमची भाषा मला येत नाही."

"एखादा शब्द?"

"नाही सार."

विनोदकुमार आईकडं वळले. "आई, काय सांगत होतीस ह्याला?"

शारदाबाईंनी आधी त्यांचे हात पाहिले, मग तोंड. आणि बनाचा तुकडा मोडून तोंडात घातला.

त्या परत निवासातच आहेत. मॅग्नेट विनोदकुमारांनी स्वतः स्टुलावर चढून पुसला, पट्टी पुसली, दार पुन्हा धरू लागलं. ह्या माणसात काही बदल झाला असं कुणी समजू नये. परवाच माझ्यासमोर त्यांनी एका आर्किटेक्टला मेंढरू म्हटलं. धनलक्ष्मीला आता फोन करायची परवानगी आहे, आणि केला की ते ओरडतात. आईचा विषय काढला की ते हळदीच्या शुद्धतेवर बोलतात, हल्ली हळदीत काय काय मिसळतात म्हणून.

पण रविवारी ते आता व्हरांड्यात उभे राहत नाहीत. खोलीत खुर्ची ओढून बसतात आणि आईशी मराठीत बोलतात, चिकपेटेच्या गिऱ्हाइकांबद्दल, वडिलांबद्दल, किल्ली नसलेल्या कुलपाबद्दलसुद्धा. शारदाबाई खिडकीकडं बघत राहतात. तिथून निघाले की ते नागराजच्या दुकानाशी गाडी थांबवतात आणि भरलेल्याच टायरांत हवा भरून घेतात. गेल्या रविवारी मी बरोबर होतो.

"हात करताना आईनं माझ्याबद्दल सांगितल्यासारखं काही केलं होतं का? विनू, विनू असं म्हणाली?" विनोदकुमारांनी नागराजला विचारलं.

"आठवत नाही सार," नागराज म्हणाला. किती वेळा म्हणाला असेल कोण जाणे. "हवा पूर्ण आहे गाडीत. आणखी भरली तर फुटेल."

विनोदकुमार गाडीत येऊन बसले. चावी हातात, गाडी सुरू करेनात.

"इंजिनिअरसाहेब," ते म्हणाले, "ती हसत कुणाला होती?"